पवनचक्कीचा अल्टरनेटर घरी बनवताय? या चुका टाळा

अल्टरनेटर म्हणजे पात्यांच्या फिरण्यातून वीज बनवणारा भाग. तो बनवताना सगळ्यात महागात पडणारी चूक तारेची कॉइल गुंडाळण्याआधीच होऊन गेलेली असते. पाती किती वेगाने फिरणार हे न पाहताच वेढे ठरवले जातात. समजा पात्यांचा व्यास 2.4 मीटर आहे. टोकाचा वेग वाऱ्याच्या सातपट धरला, तर सेकंदाला 3 मीटरच्या वाऱ्यात पाती मिनिटाला साधारण 167 फेरे घेतात. चार्जिंग याच वेगाला सुरू व्हायला हवं. 48 व्होल्टची बॅटरी, स्टार जोडणी (कॉइलच्या तीन गटांचं, म्हणजे फेजचं, एकेक टोक एकत्र बांधलेलं) आणि प्रत्येक फेजमध्ये सिरीजमधल्या तीन कॉइल असतील, तर त्या वेगाला एका कॉइलने सुमारे 7 व्होल्ट एसी द्यायला हवेत. मग 50 वेढ्यांची एकच कॉइल गुंडाळा, रोटर (चुंबक बसवलेल्या दोन फिरत्या चकत्या) तेवढ्या वेगाने फिरवा आणि मल्टिमीटर लावा. 3.5 व्होल्ट आले तर वेढे 100. ही चाचणी कृपया टाळू नका.

‘थोडे जास्तच वेढे घालू’ हा विचारही नडतो. जागा तेवढीच असल्याने दुप्पट वेढ्यांसाठी तार निम्म्या छेदाची घ्यावी लागते. रोध चौपट होतो, त्याच करंटला उष्णताही चौपट. शिवाय चार्जिंग फार कमी वेगाला सुरू होतं.

उलट टोकही आहे, आणि ते चटकन लक्षात येत नाही. जाड तार आणि दमदार चुंबक असलेला अल्टरनेटर इतका कार्यक्षम होतो की बॅटरी पात्यांना जणू धरून ठेवते. वारा वाढतो, पाती मात्र हळूच फिरतात आणि वीज वाढत नाही. अशा वेळी पाती बदलायची घाई नको. दोन्ही चकत्यांमध्ये वॉशर घालून फट थोडी वाढवा. व्होल्टेज उतरतं आणि पाती मोकळी होतात.

चुंबकांमागची चकती लोखंडीच हवी आणि पुरेशी जाड. मागच्या बाजूला लोखंडी नट घट्ट चिकटत असेल, तर चुंबकीय प्रवाह बाहेर गळतोय. समोरासमोरच्या चुंबकांनी एकमेकांना ओढलंच पाहिजे. साधे नियोडिमियम चुंबक 80 अंश सेल्सियसच्या पुढे कायमचे कमजोर होऊ शकतात, म्हणून स्टेटर (चकत्यांमधला कॉइलचा स्थिर भाग) तापू देऊ नका.

कॉइल पक्क्या बसवणारं रेझिन ओतण्याआधी फेज मोजा. तीन कॉइल मिळून एकीएवढंच व्होल्टेज आलं, तर त्यांतली एक उलटी जोडली आहे. स्टारमध्ये एक लाइन व्होल्टेज (बाहेर येणाऱ्या तीनपैकी दोन तारांमधलं) बरोबर आणि उरलेली दोन कमी दिसली, तर एक फेज उलटा आहे. तिन्ही तारा सुट्या असूनही शाफ्ट जड फिरतो? बेअरिंग ठीक असेल तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. रेझिन घट्ट झाल्यावर यातलं काहीच दुरुस्त करता येत नाही.

आणि बॅटरी सोडवायची असेल तर वारा पडल्यावर, आधी अल्टरनेटरच्या तिन्ही तारा एकमेकींना शॉर्ट करून. भार सुटलेली पाती बेफाम वेग घेतात आणि तुटूही शकतात.