झडप बदलल्यानंतरची गोळी: आयएनआर घरी कसा सांभाळावा

हृदयात धातूची झडप बसवून माणूस घरी येतो, तेव्हा औषधांच्या पिशवीत एक बारीकशी गोळी असते. असेनोकुमारोल (आपल्याकडे बहुतेकांना ‘असिट्रोम’ म्हणून माहीत) किंवा वॉरफरिन. बाकीच्या गोळ्या कमी होतात, बंद होतात; ही मात्र जन्मभर. रक्त धातूला लागलं की गोठू पाहतं, आणि झडपेवर गुठळी धरली तर झडप अडकते किंवा गुठळीचा तुकडा सुटून मेंदूत जातो. ही गोळी रक्त गोठणं लांबवते; किती लांबवते ते आयएनआर या रक्ततपासणीच्या आकड्यावरून कळतं: आकडा जितका जास्त, तितकं रक्त उशिरा गोठतं.

गोळी नेमकं काय करते, ते आधी समजून घ्या. पुढची सगळी पथ्यं त्यातूनच निघतात. कापलं की सगळ्यात आधी प्लेटलेट्स जमतात, एकमेकींना चिकटून भोक बुजवतात. त्यावर फायब्रिनचे धागे विणले गेले की गुठळी पक्की होते. हे धागे तयार व्हायला यकृतात बनणारे घटक एकापाठोपाठ एक जागे व्हावे लागतात. त्यांपैकी 2, 7, 9 आणि 10 क्रमांकाच्या घटकांना व्हिटॅमिन के लागतं. शरीर तेच व्हिटॅमिन पुन्हा पुन्हा वापरतं आणि आपली गोळी नेमका तो पुनर्वापर अडवते. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल यांचं काम प्लेटलेट्सवर, म्हणून ‘ॲस्पिरिन चालू आहे ना, मग ही कशाला’ हा हिशेब चुकीचा.

आता मुख्य गोष्ट. आधीच तयार होऊन रक्तात फिरणाऱ्या घटकांना गोळी हात लावत नाही. 7 क्रमांकाचा घटक सुमारे सहा तासांत निम्मा होतो, पण 2 क्रमांकाच्या घटकाला त्यासाठी अडीच दिवसांच्या आसपास लागतात. त्यामुळे आज डोस बदलला तर रिपोर्टमध्ये तो दोन-तीन दिवसांनी दिसू लागतो आणि पुरता स्थिरावायला आठवडा जातो. आजचा आकडा गेल्या काही दिवसांचा असतो. आकडा कमी आला म्हणून घाबरून रात्री स्वतःच्या मनाने दोन गोळ्या घेणारे लोक पुढच्या आठवड्यात हिरड्यांतून रक्त येतंय म्हणून धावतात, ते यामुळेच.

गोळीची वेळ संध्याकाळची ठेवा. सकाळी रक्त दिलं, दुपारी रिपोर्ट आला, तर डॉक्टरांना त्याच दिवसाचा डोस बदलता येतो. डोस बऱ्याचदा वाराप्रमाणे असतो: सोमवार, बुधवार, शुक्रवार दोन मिलिग्रॅम, बाकी दिवस एक. हे लक्षात ठेवायच्या भानगडीत पडू नका. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत घेतलेला डोस लिहा, तपासणीच्या दिवशी शेजारी आकडा लिहून गोल करा. डॉक्टरांना फाइलपेक्षा हे पान जास्त उपयोगी पडतं. गोळी राहिली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर सोडून द्या, दुप्पट घेऊ नका, फक्त चौकटीत तशी नोंद करा. दुकानात नाव आणि मिलिग्रॅम दोन्ही तपासा: असेनोकुमारोलचा एक मिलिग्रॅम म्हणजे वॉरफरिनचा एक मिलिग्रॅम नव्हे.

तपासणी शक्यतो एकाच लॅबमध्ये करा. निरोगी माणसाचा आयएनआर 1 च्या आसपास असतो. तुमचा किती हवा, ते झडप कोणती आणि कुठे बसवली त्यावर ठरतं: कुणाला 2 ते 3, कुणाला 2.5 ते 3.5. तो डॉक्टरांकडून फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. रक्त निळ्या झाकणाच्या नळीत घेतात. त्यात आधीच रक्त गोठू न देणारं सायट्रेट असतं, नऊ भाग रक्ताला एक भाग या प्रमाणात. नळी खुणेपर्यंत भरली नाही तर आकडा खोटाच जास्त दिसू शकतो, म्हणून सुई काढण्याआधी नळीकडे एक नजर टाका. टेक्निशियन वैतागला तरी चालेल.

जेवणाबद्दल सर्वात जास्त गैरसमज. ‘पालेभाजी बंद’ असं सांगणारे खूप भेटतील. बंद करू नका, सारखी ठेवा. पालक, मेथी, शेवग्याचा पाला यांत व्हिटॅमिन के भरपूर. आठवड्यातून दोनदा खात असाल तर दोनदाच खात राहा. गोंधळ होतो तो बदलाने. थंडीत मेथी स्वस्त झाली आणि रोज व्हायला लागली की आकडा खाली येतो, श्रावणात एकभुक्त राहून साबुदाण्यावर दिवस काढले की वर जातो. उपास करायचे असतील तर आधी डॉक्टरांना सांगा. गव्हांकुराचा रस, ‘रक्तशुद्धी’चे काढे नकोतच.

दुसरी औषधं घेताना तर दुप्पट सावध. जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल, बुरशीसाठी फ्लुकोनाझोल, जंतुसंसर्गासाठी कोट्रायमोक्साझोल यांनी आयएनआर चढतो. क्षयाच्या उपचारातलं रिफाम्पिसिन तो पाडतं. अंगदुखीला डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन नको. पॅरासिटामॉल चालतं, तेही मर्यादेत. दात काढायचा असेल तर गोळी आपणहून थांबवू नका, दंतवैद्यांना हृदयाच्या डॉक्टरांशी बोलू द्या. दिवस राहण्याची शक्यता असेल तर लगेच सांगा, गर्भाला या गोळीचा धोका असतो.

इंटरनेटवर कुणीतरी ‘हे तर उंदराचं विष’ असं वाचतं आणि गोळी सोडून देतं. माहिती खरी आहे. 1920 च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेतली गुरं बुरशी आलेलं क्लोव्हरचं गवत खाऊन रक्तस्रावाने मरत होती. त्याचं कारण विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने शोधलं; त्यातून वॉरफरिन निघालं, 1948 पासून उंदरांसाठी आणि 1954 मध्ये माणसांसाठी. फरक डोसाचा, आणि म्हणूनच तर तपासणी. ‘अपिक्साबॅन या रक्त गोठू न देणाऱ्या नव्या गोळीला तपासणी लागत नाही, तीच घेऊ’ हेही नको. धातूच्या झडपेला या नव्या गोळ्या चालत नाहीत. त्यांतलंच डाबिगॅट्रान अशा रुग्णांत वापरून पाहिलं तेव्हा गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढले आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली.

काळं डांबरासारखं शौच, लघवीत रक्त, न थांबणारा घोणा, अचानक तीव्र डोकेदुखी, बोलताना अडखळणं किंवा एका बाजूची शक्ती जाणं: यातलं काहीही झालं तर थेट दवाखाना. डोक्यावर आपटलात तर बरं वाटत असलं तरी जा. झडपेचं कार्ड पाकिटात असू द्या आणि शेवटची गोळी कधी घेतली ते सांगा. व्हिटॅमिन केची गोळी मात्र घरी परस्पर घेऊ नका. जास्त झाली तर आकडा एकदम कोसळतो आणि झडपच धोक्यात येते.