मागे पाणी, पुढे सम: गेममधला सुटकेचा टप्पा कसा रचावा

जिन्सोच्या झाडात खालून पाणी उसळतं आणि ओरीला वर पळत सुटावं लागतं. ‘ओरी अँड द ब्लाइंड फॉरेस्ट’मध्ये (२०१५) एरवी थोडी ऊर्जा खर्चून खेळाडू जवळपास कुठेही स्वतःच सेव्ह करतो. नेमक्या या सुटकेत ती सोय नाही. बुडालात की पुन्हा तळापासून. सोबत गॅरेथ कोकरचं वाद्यवृंदाचं संगीत. कितीतरी खेळाडूंनी इथे कंट्रोलर आपटला असेल, तरी त्या गेमचा विषय निघाला की आधी हेच झाड आठवतं.

टप्पा अवघड होता म्हणून लक्षात राहिला, हे अर्धंच खरं. अवघड टप्पे शेकड्यांनी आहेत. आमच्या मते खरी कसोटी एका लहानशा क्षणात असते: पळता पळता खेळाडू मरतो, तेव्हा संगीताचं काय होतं? बहुतेक टप्पे तिथेच फसतात, म्हणून खालची सगळी रचना त्या क्षणाभोवती केली आहे. उदाहरण साध्या टू-डी प्लॅटफॉर्मरचं (फळ्यांवरून उड्या मारत पुढे जायच्या गेमचं) आहे आणि टप्पा सव्वा मिनिटाच्या आतबाहेरचा. आकडे तुमच्या गेमप्रमाणे बदला, त्यांची आपसातली प्रमाणं शक्यतो तशीच ठेवा.

आधी लय, मग लेव्हल

लेव्हल बांधून झाल्यावर संगीतकाराला ‘यावर काहीतरी थरारक टाक’ असं सांगितलं, तर संगीत वरून सांडलेलं वाटतं. पहिल्याच दिवशी बीपीएम, म्हणजे मिनिटाला किती मात्रा, ते ठरवा. १५० घ्या. मात्रा ०.४ सेकंदाची होते आणि चार मात्रांचा बार १.६ सेकंदांचा. ४८,००० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने (सॅम्पल) धरले तर, त्या बारचे बरोबर ७६,८०० सॅम्पल होतात. हा पूर्णांक महत्त्वाचा. १४० बीपीएम घेतलं तर त्याच सॅम्पल रेटवर बार ८२,२८५.७१ सॅम्पलचा होतो, आणि ते अपूर्णांक गोल करताना वेगवेगळ्या लांबीच्या फाइली हळूहळू एकमेकींपासून सरकतात. १४० च हवं असेल तर ४४,१०० हर्ट्झवर काम करा. तिथे बार बरोबर ७५,६०० चा येतो.

आता पात्राचा वेग लयीला बांधा. धाव सेकंदाला १० युनिट (युनिट म्हणजे गेममधलं अंतराचं माप) ठेवली की एका मात्रेत ४ युनिट आणि एका बारमध्ये १६ युनिट अंतर कापलं जातं. उडी ०.६४ सेकंद हवेत राहू द्या, म्हणजे टेकून पुन्हा उडायला थोडा अवकाश मिळून दोन मात्रांना एक उडी बसते. उडीची उंची ३ युनिट हवी असेल तर वर जायला लागणारा वेळ ०.३२ सेकंद. सुरुवातीचा वेग २ × ३ ÷ ०.३२, म्हणजे १८.७५, गुरुत्व १८.७५ ÷ ०.३२, म्हणजे सुमारे ५८.६. फळ्या दर ८ युनिटांवर मांडा. खेळाडूला कुणी काही सांगितलेलं नसतं, तरी त्याचं बोट ठेक्यावर पडायला लागतं.

पण एक पथ्य पाळा: ठेक्यावर उडी मारली नाही म्हणून कुणाला मारू नका. ब्लूटूथ इयरबडमध्ये आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि स्वस्त फोनवर तर बऱ्याच जणांच्या कानात तेच असतात. लय हा आधार आहे, अट नव्हे. कड्यावरून पाय सुटल्यावरही ०.१ सेकंदापर्यंत उडी मान्य करा. ‘सेलेस्ट’मध्ये हीच मुदत आहे, ६० फ्रेमच्या वेगाने सहा फ्रेम. सुटकेच्या टप्प्यात ही सवलत कमी करण्याचा मोह होतो. करू नका, धावपळीत प्रत्येकाचं बोट थोडं उशिराच पडतं.

टप्प्याचे तुकडे असे पाडा: सुरुवात ८ बार, पहिली दौड १६ बार, दम घेण्याची जागा ४ बार, शेवटची दौड १६ बार, बाहेर पडणं २ बार. एकूण ४६ बार, ७३.६ सेकंद. अखंड धावलं तर ७३६ युनिट होतात, पण तसं कुणीच धावत नाही. भिंती, वळणं, चुकलेल्या उड्या धरून सरासरी ८० टक्के पकडा आणि लेव्हल ५९० युनिटांच्या आसपास कापा. मधले ४ बार वाया गेलेले नाहीत. सतत चढत्या पट्टीत राहिलेलं संगीत वीस सेकंदांत सपाट वाटू लागतं.

मागे लागणारी गोष्ट

पाणी, लाव्हा, राक्षस, काहीही असो, तिचा वेग स्थिर ठेवला तर चपळ खेळाडूला ती दिसतच नाही आणि नवख्याला ती दहा सेकंदांत गिळते. वेग अंतरावर बेतावा लागतो. अंतर ५ ते १६ युनिट असेल तर सेकंदाला ८; १६ च्या पुढे गेलं तर ११ पर्यंत; ५ च्या आत आलं तर ७. बदल अर्ध्या सेकंदात सावकाश होऊ द्या, झटक्यात नाही.

खालची मर्यादा ७ च्या खाली आणू नका. खेळाडू थबकला की पाणीही थबकतं, हे एकदा उघड झालं की भीती संपली आणि पुढची सगळी व्हायोलिनं फुकट. वरच्या आकड्यांत १२ युनिट पुढे असलेला खेळाडू उभा राहिला, तर पाणी सुमारे १.६ सेकंदांत त्याला गाठतं. म्हणजे साधारण एक बार. ही जाणीव संगीतातूनच होते: ‘एक बार थांबलो की गेलो.’

कॅमेऱ्यात पडदा २० युनिट रुंद असेल तर पात्र मागच्या एक-तृतीयांशावर ठेवा. पुढे १३ युनिट दिसतात, म्हणजे १.३ सेकंदांचा अवधी. एक सेकंदाच्या आत आलात तर खेळाडू प्रतिक्रिया देत नाही, पाठ करतो. वर चढायच्या टप्प्यात तर हे हमखास चुकतं, कारण पडदा आडवा असतो आणि वर जेमतेम पाच युनिट दिसतात. तिथे कॅमेरा मागे घ्या.

काय विचारायचं, हा भाग लवकर आटोपतो: नवीन काही विचारू नका. जिन्सोच्या झाडात बॅश ही क्षमता मिळते आणि सुटकेत तिचीच परीक्षा असते. ‘सुपर मेट्रॉइड’मध्ये (१९९४) सुरुवातीलाच सेरेस स्थानकातून ६० सेकंदांत पळावं लागतं, म्हणजे शेवटच्या तीन मिनिटांच्या सुटकेची ती रंगीत तालीमच. शेवटी हाती हायपर बीम असतो, त्यामुळे वाटेतले शत्रू अडथळा राहत नाहीत. उरतं घड्याळ आणि रस्ता. हे शहाणपणाचं आहे. पळताना लढायला लावलं की खेळाडू थांबतो, आणि थांबला की तो पळत नाही.

तीन थर

संगीत तीन स्वतंत्र फाइलींत घ्या. खालचा थर ताल आणि बास, मधला चालना देणारी तंतुवाद्यं, वरचा धून. तिन्ही सॅम्पलच्या हिशोबात एकाच लांबीचे हवेत. १६ बारचा लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) म्हणजे १२,२८,८०० सॅम्पल. तिन्ही एकाच क्षणी सुरू करा आणि नको असलेल्याचा आवाज शून्यावर ठेवा. थांबवून पुन्हा सुरू केलेला थर कधीच अचूक जागी बसत नाही.

फाइली ओजीजी किंवा वेव्हमध्ये ठेवा. एमपीथ्री फाइलीच्या सुरुवातीला आणि शेवटाला कोरी जागा भरली जाते, आणि लूपच्या सांध्यावर ठेच लागते. इतर ठिकाणी ती खपून जाते, १५० च्या लयीत नाही.

मधला थर अंतराशी जोडा. पाणी ६ युनिटांच्या आत आलं की एका मात्रेत आत घ्या; ९ च्या बाहेर गेल्यावरच एका बारमध्ये ओसरू द्या. आत येण्याची आणि बाहेर जाण्याची सीमा एकच ठेवली तर खेळाडू त्या रेषेवर डोलत असताना तंतुवाद्यं नळासारखी चालू-बंद होतात. संगीताने माहिती पुरवण्याची युक्ती जुनीच आहे. ‘स्पेस इन्व्हेडर्स’मधले (१९७८) चार सूर शत्रू घटतील तसे जलद होत जातात. तुमच्या खेळाडूलाही मागे वळून न बघता पाणी किती जवळ आलं ते कळलं पाहिजे.

वेळ मोजायला फ्रेमचा डेल्टा (दोन फ्रेममधला वेळ) बेरीज करत बसू नका, मिनिटभरात घसरतो. युनिटी या गेम इंजिनात डीएसपी टाइम (ऑडिओचं स्वतःचं घड्याळ) वापरा आणि पुढचा तुकडा प्ले-शेड्यूल्डने आधीच नेमून ठेवा. टाइमस्केल (गेममधल्या वेळेचा वेग) शून्य केला तरी ऑडिओचं घड्याळ चालूच राहतं, त्यामुळे पॉझ हाताळायचं राहिलं तर पॉझवरून परतल्यावर सगळे तुकडे चुकीच्या जागी पडतात. गोडो या इंजिनात प्लेबॅक पोझिशनमध्ये शेवटच्या मिक्सपासूनचा वेळ मिळवायचा आणि आउटपुट लेटन्सी (आवाज बाहेर पडायला लागणारा उशीर) वजा करायची, ४.३ पासून थर एकत्र वाजवण्यासाठी ऑडिओस्ट्रीम सिंक्रोनाइज्ड आयतंच मिळतं.

फोनच्या स्पीकरवर बास जवळजवळ ऐकूच येत नाही, म्हणून खालच्या थरात डग्ग्याबरोबर काहीतरी चाटीसारखं खणखणीतही असू द्या.

आणि मेल्यावर?

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे मरण आलं की गाणं पहिल्यापासून. तो सर्वांत वाईटही आहे. चाळीस वेळा मरणारा खेळाडू पहिले दहा सेकंद चाळीस वेळा ऐकतो आणि ज्या सुरावटीसाठी संगीतकाराने रात्र जागवली ती एकदाच, तीही वैतागलेल्या कानांनी. दुसरा मार्ग, काही झालंच नाही असं समजून गाणं पुढे वाजत ठेवणं. कान किटत नाहीत, पण शेवटच्या उडीला दम घेण्याचा संथ भाग लागण्याची शक्यता राहते.

आम्ही सुचवतो ते असं. मरणक्षणी वरचे दोन थर ०.१ सेकंदात उतरवा आणि उरलेल्या तालावर ४०० हर्ट्झचा लो-पास फिल्टर (त्यावरचे तीक्ष्ण आवाज गाळणारा) लावा. पाण्याखाली गेल्यासारखं वाटतं, ठेका मात्र सुटत नाही. मरणाचं दृश्य ०.२५ सेकंद, मग पुढच्या मात्रेची वाट (जास्तीत जास्त ०.४), त्या मात्रेवर पात्र चेकपॉइंटला (मेल्यावर जिथून पुन्हा सुरुवात होते त्या जागी) उभं आणि फिल्टर उघडा. एक सेकंदही लागत नाही. कुठला तुकडा वाजवायचा ते गेलेल्या वेळेवरून नाही, चेकपॉइंटवरून ठरवा. ‘पुन्हा खेळायचं का?’ असं विचारू नका, खेळायचंच आहे.

यातला कळीचा भाग वरच्या थराचा. खेळाडूने आजवर गाठलेलं सर्वांत दूरचं अंतर साठवून ठेवा. परत पळताना त्या जागेपर्यंत धून वाजवू नका. फक्त ताल, आणि गरजेप्रमाणे तंतुवाद्यं. मागच्या वेळी जिथे बुडाला ती जागा त्याने ओलांडली की पुढच्या मात्रेवर धून आत. म्हणजे न ऐकलेलं संगीत नेहमी न पाहिलेल्या रस्त्यावरच भेटतं. पहिल्या धावेत धून सुरुवातीपासून असेल, ती असू द्या. आपण काय गमावलं ते त्यातूनच कळतं.

जिन्सोसारखं चेकपॉइंट न ठेवण्याचं धाडस करायचं असेल तर टप्पा चाळीस-पंचेचाळीस सेकंदांत बसवा. सव्वा मिनिटाच्या टप्प्याला दोन द्या: पहिल्या दौडीच्या तोंडाशी आणि दम घेण्याच्या जागी. गेम न पाहिलेल्या आठ-दहा जणांना बसवा, तोंड बंद ठेवा आणि मरणाच्या जागा नोंदवा. माणशी चार ते आठ मरणं ठीक. सगळे पहिल्याच फटक्यात पार झाले तर धून आत येण्याचा तो क्षण कुणाच्याच वाट्याला येत नाही. एकाच जागी एकतृतीयांशाहून जास्त मरणं झाली तर तिथे आव्हान नाही, खोट आहे: बहुधा अडथळा उशिरा दिसतो, किंवा पाण्याच्या रंगात मिसळतो.

बाहेर पडणं

शेवटचे २ बार खेळाडूच्या हातून थोडे काढून घ्या: लांब घसरण किंवा झोत, जिथे दिशा त्याची पण वेळ तुमचा. इथे तिहाई चपखल बसते. तीन मात्रांचा बोल तीनदा वाजवला की नऊ मात्रा होतात, आणि नववी म्हणजे पुढच्या बारची सम. घसरणीत शिरताच पुढच्या मात्रेवर तिहाई सुरू करा आणि मोजणी तिथून नव्याने. वाट पाहण्यात गेलेल्या ०.४ सेकंदापर्यंतची भरपाई ३.२ सेकंदांच्या घसरणीचा वेळ बारा-तेरा टक्क्यांपर्यंत वाढवून होते, कुणाच्या लक्षातही येत नाही. पाय जमिनीला लागतात आणि सम पडते.

समेनंतर गुंज विरू द्या आणि तीन सेकंद काहीच वाजवू नका. ना संवाद, ना पुढच्या भागाचं संगीत. ट्रॉफी उघडण्याचा कॉलही तेवढाच मागे ढकला, नाहीतर त्या शांततेत कोपऱ्यातून टिंग वाजतं.