पोलिसांचा पगार आणि कामगिरी: सीमाभागात पडताळणी कशी करावी

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या सीमाभागात, खानापूर किंवा निपाणीच्या पोलीस ठाण्यातील कामावर पगाराचा काय परिणाम होतो, हे पाहायचे असल्यास मूळ वेतनावर थांबू नये. महागाई व घरभाडे भत्ता, वसाहतीतील घर, कर्नाटक पोलिसांसाठीच्या 'आरोग्य भाग्य' योजनेतील उपचार आणि साप्ताहिक सुटी प्रत्यक्षात मिळते का, हे सारे एकत्र मांडावे. कर्नाटकात सातव्या राज्य वेतन आयोगाची वाढ १ ऑगस्ट २०२४ पासून लागू झाल्याने त्याआधीचा आणि नंतरचा काळ वेगळा ठेवावा.

कामगिरी मोजणे अधिक अवघड आहे. केवळ अटकांची संख्या धरल्यास फसगत होते, त्यापेक्षा प्रलंबित तपास, गैरहजेरी आणि रिक्त पदे माहिती अधिकारातून मागवावीत. एका अर्जात एकच विषय ठेवावा आणि अर्ज शक्यतो कन्नडमध्ये द्यावा. तुलना दोन्ही काळांतील त्याच महिन्यांची करावी, कारण १ नोव्हेंबरचा काळा दिन (कर्नाटक स्थापना दिनी सीमाभागातील मराठी भाषक पाळतात तो निषेधाचा दिवस) आणि बेळगावच्या सुवर्ण विधानसौधातील विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन यांच्या बंदोबस्तात तपास साहजिकच मागे पडतो, त्याचे खापर पगारावर फोडता येणार नाही.

हवालदाराला 'पगार पुरतो का?' असे थेट विचारू नये (उत्तर ठरलेलेच असते). गेल्या महिन्यात किती रात्री घरी जेवलात, हे विचारावे.