फोनचं नाव नको, मॉडेल नंबर सांगा

मोबाइल फोनच्या मॉडेलांचा डेटा सांभाळण्याच्या नोकरीची जाहिरात वाचून येणाऱ्या बहुतेकांची समजूत अशी असते की नवा फोन आला, कंपनीच्या साइटवरून रॅम, कॅमेरा, बॅटरी उचलली, एक्सेलमध्ये भरली, झालं काम. सुरुवातीला ते तसंच वाटतंही. मग एक दिवस एकाच नावाच्या फोनच्या दोन नोंदी समोर येतात, दोन्हींत रॅम वेगळी असते आणि दोन्ही बरोबर असतात. खरं काम तिथून सुरू होतं.

मी बरीच वर्षं हेच करते आहे. कोणता फोन कोणत्या रिटेलरकडे आणि कोणत्या नेटवर्क कंपनीकडे विकायला आहे, नक्की कुठल्या रूपात आहे, कधी दिसू लागला, कधी संपला, याची नोंद ठेवायची. ही माहिती कव्हर बनवणाऱ्यांना लागते, फोनचा विमा उतरवणाऱ्यांना लागते, जुने फोन विकत घेणाऱ्यांना लागते, ॲपची चाचणी करणाऱ्यांना लागते. चुकीच्या नोंदीचा फटका त्यांना बसतो, आपल्याला नाही. त्यामुळे चूक महिनोन् महिने कुणाच्या लक्षातही येत नाही.

नव्याने येणाऱ्याला मी सगळ्यात आधी सांगते की फोनचं नाव मार्केटिंगवाले ठरवतात. त्या नावावर काहीही बांधू नका. गॅलेक्सी एस२० हे नाव घ्या. २०२० साली अमेरिकेत हा ५जी फोन १२ जीबी रॅम आणि मेमरी कार्डच्या खाचेसह विकला गेला. पण व्हेरायझन या नेटवर्क कंपनीसाठी जो आला त्यात मिलिमीटर वेव्ह ५जी (खूप वेगवान पण कमी पल्ल्याचं ५जी) होतं, रॅम ८ जीबी होती आणि कार्डाची खाच नव्हती. नावापुढे फक्त ‘यूडब्ल्यू’ ही दोन अक्षरं जास्त होती, तीही कितीतरी याद्यांमध्ये गळून पडली.

एस२० एफईची गंमत याहून बारीक आहे. त्याच्या ४जी आवृत्तीचा एसएम-जी७८०एफ हा मॉडेल एक्सिनॉस ९९० चिपवर चालतो. पुढच्या वर्षी एसएम-जी७८०जी आला, त्यात स्नॅपड्रॅगन ८६५. शेवटचं एक अक्षर बदललं आणि चिपच बदलली. एस२१ एफई तर भारतात जानेवारी २०२२ मध्ये एक्सिनॉस २१०० घेऊन आला आणि जुलै २०२३ मध्ये त्याच नावाने स्नॅपड्रॅगन ८८८ घेऊन पुन्हा बाजारात उतरला. म्हणजे नाव तेच, देश तोच, तरी ‘यात चिप कोणती?’ या प्रश्नाला तारखेशिवाय उत्तर नाही. उलट बाजूही आहे. २०२१ चे रेडमी के४०, पोको एफ३ आणि एमआय ११एक्स हे तीन ‘वेगळे’ फोन मुळात एकच हार्डवेअर. बाजारानुसार पाटी बदललेली.

फरक मॉडेल नंबरच्याही खाली उतरू शकतो. गॅलेक्सी एस२३ चा १२८ जीबीचा फोन यूएफएस ३.१ स्टोरेज वापरतो, २५६ जीबीचा त्याहून वेगवान यूएफएस ४.०. दोन्हींचा मॉडेल नंबर एकच. म्हणून स्टोरेज हा ‘पर्याय’ धरून एकाच नोंदीत स्वल्पविराम देऊन लिहू नका. १२८ ची नोंद वेगळी, २५६ ची वेगळी. टेबल लांबलचक होतं, होऊ द्या.

आता ओळखीच्या खुणा. त्या चार आहेत आणि चौघींचं काम वेगळं आहे. मॉडेल नंबर हार्डवेअर सांगतो. पार्ट नंबर किंवा एसकेयू हा त्या हार्डवेअरचा विशिष्ट रंग, स्टोरेज आणि बाजार सांगतो. बारकोडखालचा जीटीआयएन नंबर, म्हणजे १२ आकडी यूपीसी किंवा १३ आकडी ईएएन, विक्रीचा डबा ओळखतो. वेगवेगळ्या रिटेलरच्या नोंदी एकमेकांशी जुळवायला याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. आणि १५ आकडी आयएमईआयचे पहिले ८ आकडे म्हणजे टीएसी. तो जीएसएमए या मोबाइल कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या व्यवस्थेतून मिळतो आणि फोनचा प्रकार सांगतो. पुढचे ६ त्या एका फोनचे, शेवटचा पडताळणीचा. नेटवर्क कंपन्यांच्या आतल्या याद्या बऱ्याचदा टीएसीवर चालतात, रिटेलरच्या एसकेयूवर. या दोन भाषा बोलणाऱ्यांच्या मध्ये दुभाषा म्हणून आपण बसलेलो असतो.

इथे एक्सेलबद्दल दोन शब्द, कारण सगळ्यात जास्त डेटा मी तिथेच मरताना पाहिला आहे. ११ पेक्षा जास्त आकड्यांची संख्या साध्या रकान्यात टाकली की एक्सेल ती घातांकाच्या रूपात दाखवतं, आणि यूपीसीच्या सुरुवातीचं शून्य तर सरळ खाऊन टाकतं. फाइल सीएसव्ही म्हणून सेव्ह झाली की मूळ नंबर परत येत नाही. ज्या आकड्यांची बेरीज करायची नाही ते सगळे टेक्स्ट म्हणून ठेवा. जीटीआयएन आणि आयएमईआय दोन्हींचा शेवटचा आकडा गणिताने तपासता येतो. ती तपासणी शीटमध्येच बसवा.

मॉडेल नंबरमधली अक्षरं वाचायला हळूहळू जमतं. सॅमसंगमध्ये शेवटी ‘यू’ म्हणजे अमेरिकी नेटवर्क कंपन्यांचा फोन, ‘यू१’ म्हणजे तिथलाच पण अनलॉक, ‘एन’ कोरियाचा, ‘बी’ बहुतेक आंतरराष्ट्रीय बाजारांचा. ॲपलची पद्धत निराळी. जुन्या आयफोनच्या मागच्या बाजूचा किंवा सेटिंगमधला ‘ए’ने सुरू होणारा नंबर हार्डवेअरचा. पार्ट नंबरचं पहिलं अक्षर ‘एम’ असेल तर नवा कोरा, ‘एफ’ म्हणजे कंपनीने दुरुस्त करून विकलेला, ‘एन’ म्हणजे बदली दिलेला, ‘पी’ म्हणजे नाव कोरून घेतलेला. शेवटची अक्षरं बाजार सांगतात. आयफोन १४ चा ए२६४९ हा अमेरिकी फोन, त्याला सिमचा ट्रे नाही, फक्त ई-सिम. चीनसाठीच्या ए२८८४ मध्ये दोन नॅनो सिम बसतात. दोघांनाही रिटेलर ‘आयफोन १४, १२८ जीबी, निळा’ एवढंच म्हणतात.

ही अक्षरं पाठ करू नका. एका कंपनीचा नियम दुसरीला लागू होत नाही आणि त्याच कंपनीत पुढच्या मालिकेला टिकेल याचीही खात्री नाही.

लॉक आणि अनलॉक हा वेगळा रकाना ठेवा, तो मॉडेल नंबरवरून ताडू नका. सॅमसंगमध्ये ‘यू’ आणि ‘यू१’ वेगळे दिसतात म्हणून सवय लागते. आयफोन १४ मध्ये तोच ए२६४९ नेटवर्क कंपनी लॉक करून विकते आणि ॲपल अनलॉक विकते. आयफोन ७ च्या वेळी, २०१६ मध्ये, प्रकरण आणखी गुंतागुंतीचं होतं. एका मॉडेलमध्ये क्वालकॉमचा मोडेम होता, दुसऱ्यात इंटेलचा, आणि इंटेलवाल्याला सीडीएमए (काही कंपन्यांचं वेगळ्या तंत्राचं जुनं) नेटवर्क चालतच नव्हतं. अशा वेळी ‘अनलॉक आहे, कुठेही चालेल’ हे वाक्य खोटं पडतं.

बँड म्हणजे फोन ज्या रेडिओ लहरींवर चालतो त्यांचे पट्टे. त्यांच्या बाबतीतही हेच. फोनमध्ये बँड आहे याचा अर्थ नेटवर्क कंपनी त्याला घेते असा नाही. एटी अँड टीने फेब्रुवारी २०२२ मध्ये ३जी बंद केलं, त्याआधी चालू राहणाऱ्या फोनची यादी काढली होती. यादीत नसलेल्या कित्येक फोनमध्ये योग्य ४जी बँड होते, तरी त्यांचे कॉल बंद पडले, कारण त्या नेटवर्कवर व्होल्टीसाठी, म्हणजे ४जीवरून कॉल करण्यासाठी, ते मंजूर नव्हते. म्हणून माझ्या टेबलात ‘हार्डवेअरमध्ये आहे’ आणि ‘नेटवर्क कंपनीने मान्य केलंय’ हे दोन रकाने शेजारी शेजारी असतात. नवीन माणसाला ते एकच वाटतात आणि एक काढून टाकायचा मोह होतो.

स्पेक्सच्या आकड्यांबाबत पहिला प्रश्न: हा आकडा कुणी, कशासाठी दिला? बॅटरीवर मोठ्या अक्षरात ५००० एमएएच असतं, ते टिपिकल, म्हणजे सरासरी. तळटीपेत गॅलेक्सी एस२३ अल्ट्राची रेटेड, म्हणजे किमान क्षमता ४८५५ दिलेली आहे. एका फोनसाठी टिपिकल आणि दुसऱ्यासाठी रेटेड घेतली की तुलना गेली. ‘१२+८ जीबी रॅम’ मधले ८ हे स्टोरेजमधून उसने घेतलेले असतात, ते रॅमच्या रकान्यात येता कामा नयेत. स्क्रीनचा कर्ण कोपरे गोल नाहीत असं धरून मोजलेला असतो. रंगाचं कंपनीने दिलेलं नाव आणि रिटेलरने लिहिलेला ‘काळा’ दोन्ही जपा, कारण काही रंग फक्त कंपनीच्या स्वतःच्या स्टोअरवर विकले जातात आणि चॅनल, म्हणजे फोन कुठून विकला जातो ते, ओळखायला तोच धागा उपयोगी पडतो.

कुणावर विश्वास ठेवायचा? माझा क्रम असा: कंपनीचं त्या बाजारासाठीचं सपोर्ट पान, मग सरकारी प्रमाणपत्रं, मग नेटवर्क कंपनी, मग रिटेलर, आणि सगळ्यात शेवटी स्पेक्सच्या संकलन साइट. या साइट एकमेकींकडून उचलतात, त्यामुळे पाच ठिकाणी तोच आकडा दिसला तरी साक्षीदार एकच असू शकतो. प्रमाणपत्रं वाचायला मात्र शिकाच. अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाच्या नोंदीत चाचणी अहवालांवरून बँड कळतात. तिथल्या आयडीची पहिली तीन किंवा पाच अक्षरं कंपनीची, ए३एल म्हणजे सॅमसंग, बीसीजी म्हणजे ॲपल. चीनच्या टीईएनएए या सरकारी प्रमाणपत्र नोंदीत फोटो आणि मापं मिळतात. पण प्रमाणपत्र मिळालं म्हणजे फोन विक्रीला आला असं धरू नका. काही फोन प्रमाणपत्र घेऊनही कधीच येत नाहीत.

आता उपलब्धता, म्हणजे या कामाचा सगळ्यात निसरडा भाग. ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढ्यावर भागत नाही. जाहीर झाला, प्रीऑर्डर सुरू, विक्री सुरू, उशिराने मिळेल, तात्पुरता संपला, कायमचा बंद, या वेगळ्या अवस्था आहेत. बऱ्याच साइटच्या पानांत स्कीमा डॉट ऑर्गच्या, म्हणजे मशीनला वाचता येईल अशा ठरलेल्या, पद्धतीने ही अवस्था लिहिलेली असते, इनस्टॉक, प्रीऑर्डर, बॅकऑर्डर, डिसकंटिन्यूड वगैरे, आणि कधी कधी जीटीआयएनही तिथेच सापडतो. मात्र पानाच्या पोटात इनस्टॉक आणि बटणावर ‘संपला’ असं दिसणंही रोजचंच. दोन्ही नोंदवा. विरोधाभास मिटवून टाकू नका, तोही डेटा आहे.

चॅनलच्या खोड्या माहीत असाव्यात. नेटवर्क कंपनीकडे तोच फोन नव्या ग्राहकाला दिसतो आणि जुन्याला दिसत नाही, किंवा प्रीपेड उपब्रँडकडे असतो आणि मुख्य कंपनीकडून गेलेला असतो. हप्त्याची रक्कम ही फोनची किंमत नव्हे, ती योजनेला बांधलेली असते. मोठ्या ऑनलाइन बाजारात पान कंपनीचं वाटतं पण माल तिसऱ्याच विक्रेत्याचा, दुसऱ्या देशाच्या मॉडेलचा, कधी दुरुस्त केलेला. विक्रेत्याचं नाव नसलेली ‘उपलब्ध’ ही नोंद मी स्वीकारत नाही. शिवाय पिनकोड बदलला की स्टॉक बदलतो, त्यामुळे तपासणी नेहमी त्याच ठरावीक पिनकोडांवरून करा.

नोंद कधीही खोडून वर नवी लिहू नका. प्रत्येक निरीक्षणाची वेगळी ओळ: काय दिसलं, कुठे दिसलं, कधी दिसलं, टाइमझोनसह. ‘पहिल्यांदा दिसला’ आणि ‘शेवटचा दिसला’ त्यातून आपोआप काढता येतं. पान सापडलं नाही तर ‘पान सापडलं नाही’ असंच लिहा, ‘बंद’ लिहू नका, कारण साइटने पत्ता बदलला की रातोरात शेकडो फोन ‘बंद’ होतात. रिकामा रकाना आणि ‘नाही’ यांतही जमीन-अस्मानाचा फरक. हेडफोन जॅक नाही हे तपासून लिहिलेलं ‘नाही’, आणि कुणी पाहिलंच नाही म्हणून उरलेली रिकामी जागा, या दोन गोष्टी अहवालात एकत्र झाल्या की सहा महिन्यांनी त्यांना वेगळं करणं कुणाच्या बापाला जमत नाही.

सगळे विचारतात ते पायथॉन आणि स्क्रेपिंगचं, म्हणजे प्रोग्रामने साइटवरून माहिती गोळा करण्याचं. शिका, पण आधी एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, शिका. पानं गोळा करणारी स्क्रिप्ट मिळून जाते, मिळालेल्या हजार ओळींतल्या कुठल्या दोन एकच फोन आहेत हे सांगणारी क्वेरी मिळत नाही. स्क्रिप्ट चालवण्याआधी साइटच्या अटी आणि रोबोट्स फाइल (प्रोग्रामने कुठली पानं पाहू नयेत ते सांगणारी) वाचा, आणि शक्य असेल तिथे रिटेलरकडून रीतसर फीड, म्हणजे त्यांनीच दिलेली तयार यादी, मागा. जुनी स्पेक पानं वेबॅक मशीन या वेब संग्रहात सापडतात. कंपन्या गाजावाजा न करता आकडे दुरुस्त करतात तेव्हा पुरावा तिथेच असतो.

कामाचा जोर वर्षभर सारखा नसतो. वर्षाच्या सुरुवातीला सॅमसंगची एस मालिका, त्यामागोमाग बार्सिलोनाचं एमडब्ल्यूसी हे मोबाइल प्रदर्शन, सप्टेंबरमध्ये बर्लिनचं आयएफए हे इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शन आणि आयफोन. या काळात सुट्टीचे बेत आखू नका. मधले महिने जुन्या नोंदी साफ करायचे.

पदवी कुठलीही चालते. मुलाखतीला येताना एक फोन निवडा, तीन-चार नेटवर्क कंपन्या आणि तेवढेच रिटेलर घ्या, आणि काही आठवडे त्याचे सगळे व्हेरिएंट वर सांगितलेल्या पद्धतीने नोंदवून ती शीट सोबत आणा. मी असते तर त्यातली कुठलीही एक ओळ उचलून विचारते, हे तुला कुठून कळलं आणि कधी. शीट उघडून स्रोताचा आणि वेळेचा रकाना दाखवता आला, की पुढचे प्रश्न पगाराचे असतात.