साईझ केलेल्या .३०८ केसवर बोल्ट जड बसत होता, तो असा सुटला

लक्षण: .३०८ विंचेस्टर या रायफल काडतुसाची डागलेली पितळी केस (काडतुसाचं कवच) फुल-लेंग्थ डायमधून (केस दाबून पुन्हा आकारात आणणारा साचा, म्हणजेच साईझ करणारा) काढली तरी रायफलच्या बोल्टचा (नळी मागून बंद करणारा सरकता भाग) दांडा शेवटच्या टप्प्यात अडायचा. कोरी केस सहज बसायची. (हे अमेरिकेत घरी रीलोडिंग (डागलेली केस वापरून पुन्हा काडतूस भरणं) करणाऱ्यांसाठी आहे, भारतात परवान्याशिवाय काडतूस बनवणं शस्त्र कायदा १९५९ नुसार गुन्हा आहे.)

केस छाटल्या, ल्यूब (वंगण) बदललं, डाय जराशी खाली घेतली. बोल्ट आणखीच जड! दोन संध्याकाळी वाया गेल्या.

कारण: डाय आधी केसचं अंग दाबते. दबलेलं पितळ पुढे सरकतं आणि डायचा खांदा टेकेपर्यंत केसचा खांदा (तोंडाकडे निमुळता होणारा भाग) उलट पुढेच जातो.

डागलेल्या केसचा प्रायमर (बुडातली ठिणगी पाडणारी टोपी) आधी काढा, कारण वर आलेला प्रायमर माप बिघडवतो. कॅलिपरला कम्पॅरेटर (खांद्यावर टेकणारा मापाचा जोड) लावून पाच केस बुडापासून खांद्यापर्यंत मोजा, सर्वात मोठं माप धरा. बोल्टमधून फायरिंग पिन आणि इजेक्टर (केस बाहेर फेकणारा भाग) काढा, नाहीतर स्प्रिंगचा जोर केसचा वाटतो. आता डाय खाली घ्या. तिचे आटे इंचाला १४, म्हणजे १० अंशांना साधारण ०.००२ इंच. दर वेळी ताजी डागलेली केस वापरा. रिकाम्या केसवर दांडा स्वतःच्या वजनाने पडला की मोजा: मूळ मापापेक्षा ०.००२ इंच कमी यायला हवं. प्रेसचा रॅम (केस डायमध्ये ढकलणारा दांडा) वर, केस डायमध्ये, अशा स्थितीत लॉक रिंग (डाय जागेवर धरणारी कडी) आवळा आणि पुन्हा मोजा.

खांदा याहून फार मागे ढकलला, तर केस बुडाजवळ ताणून काही फेऱ्यांत तुटते.