दार-खिडकीला बाहेरून मोल्डिंग लावताय? आधी पाण्याचा विचार करा

बाहेरून मोल्डिंग, म्हणजे चौकटीभोवतीची पट्टी, लावायची म्हटलं की सगळे आधी डिझाइन बघतात, पण माझं कळकळीचं सांगणं आहे की पाणी कुठून येईल आणि कुठून निघून जाईल हे आधी ठरवा, लाकडाची पट्टी कितीही भारीतली घेतली तरी मागे ओल राहिली की ती कुजणारच.

लाकडाची पट्टी असेल तर लावायच्या आधीच सगळ्या बाजूंनी प्रायमर मारा, पाठीला पण, आणि कापलेल्या टोकांना तर दोन हात द्या कारण लाकूड टोकातूनच सगळ्यात जास्त पाणी ओढतं. बरेच जण लावून झाल्यावर फक्त पुढून रंगवतात आणि मग पापुद्रे सुटले की रंगाला दोष देतात.

चौकटीच्या आतल्या कडेपासून ५-६ मिमी सोडून पेन्सिलने रेघ मारा, त्या रेघेला पट्टी लावली की चौकट जरा वाकडी असली तरी नजरेत येत नाही. आधी दोन उभ्या पट्ट्या, मग त्यांच्या डोक्यावर आडवी. कोपऱ्यात ४५ अंशाचा काट दिसतो छान, पण ऊन-पावसात लाकूड फुगतं-आकसतं आणि तोच सांधा उघडतो, म्हणून बाहेर मी सरळ सांधाच करतो, म्हणजे आडवी पट्टी उभ्यांच्या सरळ कापलेल्या टोकांवर टेकवतो. उभ्या पट्टीचं खालचं टोक पाटावर, म्हणजे खिडकीच्या खालच्या कठड्यावर किंवा दाराच्या उंबऱ्यावर, टेकवू नका, थोडी फट ठेवा.

खिळे गॅल्वनाइज्ड किंवा स्टेनलेसचेच घ्या, साधे गंजतात आणि रंगावर तांबडे ओघळ येतात. वीट-काँक्रीटची भिंत असेल तर ड्रिल मारून प्लग आणि स्क्रू. पीव्हीसीची पट्टी कुजत नाही, पण उन्हात लांबते आणि गारठ्यात आखडते, तिचे सांधे पीव्हीसीच्याच गमने चिकटवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वरची बाजू. आडव्या पट्टीवर वाकवलेला न गंजणारा पत्रा हवाच. मागची कड प्लास्टरमध्ये खाच पाडून आत घाला, खाचेत सिलंट (फटी बुजवायची पेस्ट) भरा, आणि पुढची कड पट्टीच्या बाहेर काढून खाली वाकवा म्हणजे पाणी तिथून सरळ खाली ठिबकतं. या पुढच्या कडेखाली सिलंट भरू नका हं, चुकून आत गेलेलं पाणी तिथूनच बाहेर पडतं! उभ्या पट्ट्या आणि भिंत यांच्यामध्ये मात्र सलग भरा, आणि रंगवायचं असेल तर सिलिकॉन नको, त्यावर रंग धरत नाही, ॲक्रिलिक किंवा पॉलियुरेथेनचं बघून घ्या.