प्लास्टरचा माल कालवायला मिक्सर आणि पॅडल घेताय? या चुका टाळा

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक आधी. घरातल्या ड्रिलला पॅडल (माल ढवळायचा पात्यांचा दांडा) लावून प्लास्टर कालवणं. "चकमध्ये बसतंय ना, मग झालं" (चक म्हणजे ड्रिलचं बिट पकडणारं तोंड) हे इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर द्यायचाही कंटाळा येतो. अरे बाबा, ड्रिल भोक पाडायला बनवलंय, त्याला स्पीड असतो, बऱ्याच ड्रिलना २५००-३००० आरपीएम (मिनिटाला फेरे), पण हळू फिरताना लागणारा जोर नसतो. घट्ट मालात आपण ट्रिगर अर्धा दाबून फिरवतो, मोटरवर लोड येतो, आणि तिला थंड करणारा पंखा तिच्याच शाफ्टवर असल्यामुळे तोही हळू फिरतो. म्हणजे गरम जास्त आणि हवा कमी.

एका साइटवर एका पोरानं नवंकोरं हॅमर ड्रिल असंच वाळू-सिमेंटच्या मालात घातलं. म्हटलं थांब जरा, मोठी मशीन येतेय, पण दम कुठला. सुरुवातीच्या बादल्या निघाल्या, माझ्याकडे बघून हसला पण. मग मशीनचा आवाज बसला, जळक्या वार्निशचा वास सुटला आणि मागच्या जाळीतून धूर. आर्मेचर, म्हणजे मोटरचा आतला फिरणारा भाग, गेलं. वर चक गच्च बसलेला, पॅडल काही निघेना, आणि खाली बादलीत माल घट्ट होत चाललेला. मोठी मशीन आली तेव्हा हा ड्रिल धुवत बसला होता.

वाळू-सिमेंटसाठी मी १४०० वॅटच्या खालची मशीन हातात घेत नाही. दोन्ही हातांनी धरायचं हँडल पाहिजे, सॉफ्ट स्टार्ट पाहिजे, म्हणजे मशीन हळूहळू वेग घेते (नाहीतर चालू केल्या केल्या पावडर तोंडावर), आणि दोन गिअर असतील तर घट्ट माल कायम पहिल्या, हळू गिअरवर. नुसता वॅटचा आकडा बघून भुलू नका, लेबलवर आरपीएम वाचा.

दुसरी चूक, पॅडल कुठलंही चालतं हा समज. नाही चालत. पात्यांचा पीळ बघा. ड्रिल बिटसारखा पीळ असेल तर ते खालचा माल वर उचलतं, वाळू-सिमेंट किंवा जाड जिप्समला हेच, कारण जड माल तळाशी बसतो. उलट्या पिळाचं पॅडल माल वरून खाली ढकलतं, ते पातळ पुट्टी आणि रंगासाठी, शिंतोडे उडत नाहीत आणि हवा कमी शिरते. पुट्टीत वर उचलणारं पॅडल फुल स्पीडला फिरवायचं आणि मग भिंतीवर बारीक भोकं पडली की कंपनीला शिव्या घालायच्या, हे रोजचं आहे.

साइज: पॅडल बादलीच्या व्यासाच्या साधारण एक तृतीयांश ते निम्मं. शिवाय बऱ्याच मिक्सरला एम१४ आट्याचं (१४ मिमीच्या आट्यांनी पिळून बसणारं) पॅडल लागतं, ड्रिलवालं सहाकोनी दांड्याचं त्यात बसत नाही, घेतानाच बघा.

पॅडल न धुणं, यावर मात्र मी चिडतो. जिप्सममध्ये जुना सुकलेला कण राहिला तर नवीन माल त्याच्याभोवती लवकर सेट व्हायला लागतो, आणि मिस्त्री थापी घेईपर्यंत बादलीत दगड. वर पाणी मारून परत कालवू नका, सेट व्हायला लागलेलं जिप्सम गेलं म्हणजे गेलं. माझी सवय अशी की शेजारी स्वच्छ पाण्याची दुसरी बादली ठेवतो, प्रत्येक घाण्यानंतर (एका वेळी कालवलेल्या मालानंतर) लगेच त्यात पॅडल फिरवतो. उद्या खरवडू म्हणणारे उद्या हातोडी घेऊन बसतात.

बाकी किरकोळ. जिप्सममध्ये पाणी आधी, पावडर नंतर. पॅडल प्लास्टिकच्या बादलीला घासू नका, सोललेले तुकडे फिनिशिंगला पट्टीखाली येऊन रेघा मारतात. मशीन थांबल्याशिवाय पॅडल वर काढू नका. पाण्याजवळ काम आहे तर ईएलसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) असलेल्या लाइनवरच लावा. आणि काम संपल्यावर मशीन पॅडलवर उभी करून ठेवू नका, दांडा वाकतो, मग मशीन हातात थरथरत राहते.